अकरा हातांचा महासागर

दत्तोबाचं भाताचं रोप एकवीस दिवसांचं झालं, नेमकं त्याच दिवशी त्यानं जांभळवाडीला उरलेल्या जगापासून तोडून टाकलं.

भाताचं रोप कोणासाठी थांबत नाही. एकवीस दिवसांचं असताना उपटून चिखलात लावलं तर एकेका काडीला दहा-पंधरा फुटवे येतात. अठ्ठावीस दिवसांचं झालं तरी निभावतं. पस्तिशी आली की काडीच्या बुडाशी गाठ धरते. गाठ धरलेलं रोप शेणखतात लावा नाहीतर सोन्याच्या ताटात लावा, त्याला फुटवा येत नाही. ते आपलं एकटंच उभं राहतं आणि एकटंच लोंबी धरतं. दत्तोबाची खाचरं चार, घरात खाणारी तोंडं सहा, आणि त्या सहा तोंडांचा वर्षाचा भात त्या चार खाचरांतून यायचा. म्हणजे त्याच्या हातात चौदा दिवस होते. सन एकोणीसशे एकेचाळीसच्या जुलैतले ते चौदा दिवस दत्तोबानं अमेरिकेला वाहिले.

जांभळवाडी म्हणजे कार्ल्याच्या खालच्या अंगाची अकरा घरं. एका बाजूनं इंद्रायणी, दुसऱ्या बाजूनं डोंगरातून उतरून तिला मिळणारा ओढा. ओढ्याच्या पलीकडं चढावर पल्याडची वाडी. वलवणच्या धरणात शेतं बुडाली तेव्हा उठून आलेली सात-आठ घरं तिथं वसली होती. त्याला पंचवीस वर्षं झाली, तरी जांभळवाडीच्या बोलण्यात ती घरं अजून 'नवी'च होती.

दत्तोबाची वीस वर्षं मात्र वाडीत कमी आणि गोदामात जास्त गेली होती. वलवणच्या तळ्यातून घाटाखाली खोपोलीला पाणी नेणारे जे मोठे नळ आहेत, त्यांच्या दुरुस्तीच्या गोदामात तो कारकून होता. शेती बघायची धोंडाबाईनं, त्याच्या बायकोनं. हा पहाटे डबा घेऊन निघे आणि दिवेलागणीला परत येई. गेल्या दिवाळीत गुडघ्यानं दगा दिला, नोकरी सुटली, आणि दत्तोबा शेतकरी झाला. म्हणजे बांधावर उभा राहू लागला.

गोदामातला त्याचा वरिष्ठ होता हॅकेट साहेब. ओहायो नावाच्या मुलखातला हा माणूस १९१३ साली नळांच्या झडपा बसवायला म्हणून आला, झडपा बसल्या, आणि तोही बसला. आता लोणावळ्यात बंगला, तीन कुत्री आणि एक ग्रामोफोन घेऊन राहत होता. दर रविवारी दत्तोबा गुडघा सांभाळत त्याच्याकडं जाई. साहेबाला अमेरिकेहून बोटीनं वर्तमानपत्रांचे भारे येत; लढाईमुळं ते तीन-तीन महिने शिळे झालेले असत. साहेबाला त्याचं काही वाटत नसे. त्यातले विचार त्याहून पुष्कळ शिळे होते.

दत्तोबाचं इंग्रजी गोदामात तयार झालं होतं. वस्तूंची नावं पक्की, क्रियापदांशी संबंध बेताचा. त्यामुळं साहेबाचं राजकारण त्याला गोदामातल्या यादीसारखं समजे: अमेरिका, नग एक. महासागर, नग दोन. शत्रू, पुष्कळ. पुढारी, नग एक, कणखर पाहिजे, शिल्लक नाही.

"डाटोबा, हमारा इधर एक समंदर, उधर एक समंदर," साहेब कामावरच्या हिंदीत सांगे. "कौन आएगा? कोई नहीं आएगा. हम क्यों जाएगा?"

आपण स्वतः अठ्ठावीस वर्षांपूर्वी ह्याच समुद्रावरून आलो, आणि परत जायचं नाव काढलेलं नाही, हे साहेबाच्या ध्यानात येत नसे. दत्तोबाच्या तर नाहीच नाही. साहेब त्याला कात्रणं दाखवी. युरोपच्या लढाईत पडू नका म्हणणारी एक समिती, तिचे आठ लाख सभासद. त्या समितीच्या व्यासपीठावर एक जगप्रसिद्ध वैमानिक, ज्यानं एकट्यानं विमानातून अटलांटिक ओलांडून नाव कमावलं, तो आता गावोगाव सांगत होता की अटलांटिक ओलांडून अमेरिकेवर चाल करून येणं कोणाला शक्य नाही. टाळ्या पडत होत्या. पुढं डिसेंबरात दुसऱ्या महासागरावरून कोण आलं ते साऱ्या जगानं पाहिलं. पण ही गोष्ट जुलैतली आहे, आणि जुलैत महासागर अजून रुंद होते.

शिवाय सदरे होते. इटलीत काळे, जर्मनीत तपकिरी, हे दत्तोबाला ठाऊक होतं. अमेरिकेत चंदेरी, पांढरे, खाकी असे निरनिराळे सदरे घालणारे निरनिराळे राष्ट्रभक्त होते. एखाद्या परटाच्या दोरीवर जेवढे रंग वाळत असतील तेवढे त्या देशात पक्ष. दोन वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या एका सभागृहात वीस हजार लोक जमले, मधोमध त्यांच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाचं घराएवढं चित्र आणि बाजूला स्वस्तिकाचे झेंडे, असा एक फोटो साहेबानं जपून ठेवला होता. दत्तोबाला स्वस्तिक बघून बरं वाटलं. कोणाच्या घरी शुभकार्य असावं असं वाटलं.

"सगळ्या दुखण्याचं मूळ एकच," साहेब म्हणे. "ज्यू."

दत्तोबानं पुष्कळ विचार करून विचारलं, "म्हंजी, साहेब, आमचे शनवार तेली?"

साहेबाला हे काही समजलं नाही. शनवार तेली म्हणजे शनिवार पाळणारे आपल्याकडचे ज्यू, आणि दत्तोबाच्या ओळखीचा तसा एकच. लोणावळा स्टेशनात पार्सलच्या खिडकीवर बसायचा, शनिवारी दिवा लावायचा नाही, आणि एकदा दत्तोबाची हरवलेली ट्रंक त्यानं तीन दिवस खपून शोधून दिली होती. जगातल्या सगळ्या बँका त्याच्या ताब्यात असतील तर तो फाटकी छत्री का वापरतो, हे कोडं दत्तोबाला सुटेना. म्हणून त्यानं शत्रूची ती जागा तात्पुरती रिकामी ठेवली. गोदामात एखादा नग नसला तर त्याच मापाचा दुसरा बसवायचा असतो, हे त्याला वीस वर्षांच्या अनुभवानं माहीत होतं.

तो नग त्याला आवणीच्या तोंडावर सापडला.

आवणी म्हणजे रोप उपटून खाचरात लावणं. ते एका घराचं काम नव्हे. त्यासाठी मावळात सावड असते. आज सगळ्यांनी मिळून तुझं लावायचं, उद्या सगळ्यांनी मिळून माझं. जांभळवाडी आणि पल्याडवाडीची सावड एकच होती, आणि तिचा क्रम ठरलेला: आधी पल्याडची खाचरं, मग जांभळवाडीची. दत्तोबानं यंदा हे बांधावरून प्रथमच नीट पाहिलं. सकाळी आपली माणसं, आपले बैल, आपल्या बाया साकवावरून पलीकडं चालल्या. साकव म्हणजे ओढ्यावर टाकलेली दोन ऐनाची लाकडं. दुसऱ्या दिवशीही चालल्या. दत्तोबाच्या अंगावर काटा आला. त्याच्या डोळ्यांदेखत एक राष्ट्र दुसऱ्यासाठी रक्त आटवत होतं.

त्या संध्याकाळी मारुतीच्या देवळात त्यानं सभा भरवली.

"आपन हितं मधी," दत्तोबा म्हणाला. "ह्या अंगाला इंद्रायनी, त्या अंगाला वढा. दोन समुद्रच म्हना. देवानं आपल्याला सगळं दिलंय. मग आपली मानसं परक्याच्या चिखलात का? आधी जांभळवाडी!"

सगळ्यात म्हातारे अंबाजी आबा खांबाला टेकून तंबाखू मळत होते. "दत्तोबा, समुद्र केवढा असतो?"

"तीन हजार मैल, आबा."

"आन् वढा?"

"अकरा हात. पन तत्त्व तेच."

"तत्त्वात बैल बुडतो का?"

लोक हसले. दत्तोबा डगमगला नाही. हसणाऱ्यांचं काय होतं हे त्यानं वर्तमानपत्रात वाचलं होतं. "आबा, ती वरची मानसं हितली न्हाईत. धरनात बुडाली आन् हितं वर आली. आमी त्यांना जागा दिली, आता आमीच त्यांची चाकरी करतोय. उद्या जांभळवाडी ऱ्हाईल का?"

"त्यांना बुडवलं कुनी? तुझ्या साह्यबाच्या नळानंच ना?"

"साह्यबानं निस्त्या झडपा बसवल्या, आबा."

"बरं. आन् ह्यो तुझा साह्यब इंग्रजाला मदत करू नका म्हनतो म्हनं?"

"व्हय! इंग्रजासाठी एक शिपाई द्यायचा न्हाई म्हनतो."

"मंग मानूस बरा हाय," आबा म्हणाले. "इंग्रजानं हितनं जावं असंबी म्हनतो का?"

हा प्रश्न दत्तोबानं साहेबाला मागंच विचारला होता. साहेबानं त्यावर कुत्र्याला बिस्किट टाकत सांगितलं होतं, की हिंदी माणसाला अजून दीडशे वर्षं कणखर हात हवा. "त्यो इषय यायचा हाय अजून," दत्तोबा म्हणाला.

आबांनी तंबाखू तोंडात टाकली आणि अंग काढून घेतलं. मात्र क्रमाचा काटा बाकीच्यांच्या मनात सलत होताच. दर वर्षी आधी त्यांचं का, असं कधी ना कधी प्रत्येकाला वाटलेलं होतं. शिवाय दत्तोबानं खाकी सदरा फुकट मिळेल असं जाहीर केलं. 'जांभळवाडी संरक्षक मंडळा'त अकरा जणांनी नावं दिली: नऊ जणांनी सदऱ्यासाठी, एकानं पल्याडच्या मेव्हण्याशी वाकडं म्हणून, आणि अकरावा दत्तोबा. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळानं साकवाची दोन्ही लाकडं ओढून अलीकडं आणली. ओढा फुगलेला होता. पलीकडं चार-दोन माणसं पावसात डोक्यावरची इरली सावरत उभी राहून बघत होती. कोणी ओरडलं नाही, कोणी दगड मारला नाही. शत्रूचा हा थंडपणा दत्तोबाला फार संशयास्पद वाटला.

घरी धोंडाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिचं माहेर पल्याडच्या वाडीतलं.

"झालं संरक्षन?" ती म्हणाली.

"झालं."

"मग मी कोन आता? हितली का तितली?"

"तू लग्नानं हितली झालीस. अमेरिकेत त्याला कागद मिळतो."

"कागद नगं, पीठ आना. आन् अवो, आवनीचं काय ठरवलं?"

"आपली आपन करायची. अकरा घरं हायत, तीन जोड्या बैल हायत. मी समदा हिशेब मांडलाय."

"समदा?"

"समदा."

धोंडाबाईनं भाकरी उलटली आणि पुढची थापायला घेतली. वीस वर्षं तिनं एकटीनं शेती केली होती, आणि त्या वीस वर्षांत तिला कोणी काही विचारलं नव्हतं. न विचारता सांगायची तिला सवय उरली नव्हती.

पाच दिवस गेले. तीन जोड्यांतली एक जोडी म्हातारी, एक पल्याडच्या भावाबरोबर भागीत, म्हणजे अर्धी जोडी परदेशात. जे काम आठ जोड्यांनी दिवसात व्हायचं ते दीड जोडीनं पाच दिवस चाललं. पण सव्विसाव्या दिवशी दत्तोबाची चारही खाचरं चिखलून तयार झाली. चिखल लोण्यासारखा, वर टाचभर पाणी. दत्तोबा बांधावर उभा राहून मंडळाच्या सभासदांना म्हणाला, "आता आना रोप."

सभासद एकमेकांकडं बघू लागले.

"रोप, रोप! कुटं ठिवलंय?"

"राबात," धोंडाबाई म्हणाली.

"मग राब कुटं हाय?"

धोंडाबाईनं नुसतं बोट केलं. ओढ्याच्या पलीकडं, चढावर, पल्याडवाडीच्या खाचरांच्या कडेला एक लहानशी चौकट हिरवीगार डोलत होती. तिच्या बाजूला आणखी दहा.

राब म्हणजे रोप वाढवायची जागा. चैत्रात तिथं पालापाचोळा, शेणी रचून जाळतात आणि त्या भाजलेल्या मातीत भात पेरतात. ती जागा पाणी न साचणारी, उंचावरची लागते. जांभळवाडीत हातभर उंच जागा नव्हती. इंद्रायणी ओसंडली की सगळं सारखं. म्हणून आज्यापंज्यापासून जांभळवाडीचे राब पलीकडच्या चढावर होते, आणि गेली पंचवीस वर्षं सावडीला येताना पल्याडची माणसंच त्यांचं रोप डोक्यावर घेऊन उतरायची. वरची खाचरं उताराची, तिथलं पाणी लवकर निघून जातं म्हणून त्यांची आवणी आधी. खालची सखल, पाणी धरून ठेवणारी म्हणून मागून. बस्स, एवढंच त्या क्रमाचं रहस्य होतं. पाणी उतारानं वाहतं यापलीकडं त्यात काही राजकारण नव्हतं. पण दत्तोबाला दर वर्षी संध्याकाळी घरी आल्यावर लावलेली खाचरं दिसायची. रोप कुठून येतं हे बघायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. त्यानं बैल मोजले, माणसं मोजली, नांगर मोजले. आणि सगळ्या वाडीचं अन्न परदेशात ठेवून सीमा बंद केली.

"आगं, मग सांगितलं का न्हाईस?"

"तुमी समदा हिशेब मांडला म्हनालात."

त्या संध्याकाळी दत्तोबा ओढ्याच्या काठावर कितीतरी वेळ बसून होता. पलीकडं त्याचं रोप वाऱ्यानं एका अंगाला कलत होतं. इथून हात लांब केला तर लागेल असं वाटत होतं. सहा तोंडांचं वर्ष तिथं उभं होतं आणि दिवसादिवसानं म्हातारं होत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला अकरा हात म्हणजे नेमके किती ते कळलं.

रविवार आला, अठ्ठाविसावा दिवस. दत्तोबा साहेबाकडं गेला. त्यानं सगळं सांगितलं, मोडक्या इंग्रजीत, हातवारे करून. साहेबानं पाइप ओढत ऐकलं.

"सिंपल," साहेब म्हणाला. "दूर का लफडा में नहीं जाने का. लेकिन ये दूर नहीं है, डाटोबा. ये तुम्हारा बाजू में है. जो बाजू में है, वो तुम्हारा. अमेरिका को देखो. यूरप दूर, छोड़ दो. मेक्सिको, क्यूबा, पनामा बाजू में..." त्यानं मूठ वळून दाखवली. "जाओ और ले लो."

"अकेला, साहेब?"

"मजबूत लीडर अकेला काफी."

दत्तोबानं परतीच्या वाटेवर यावर विचार केला. दूरच्याशी संबंध ठेवायचा नाही आणि जवळच्याचं काढून घ्यायचं, हे त्याला ऐकल्यासारखं वाटत होतं. मग आठवलं, कार्ल्यातला एक सावकार अगदी असाच वागायचा, आणि त्यासाठी त्याला एकही वर्तमानपत्र वाचावं लागलं नव्हतं.

सोमवारी सकाळी दत्तोबानं धोतर कमरेला खोचलं, काठी घेतली आणि ओढ्यात उतरला. पाणी छातीला लागलं. मजबूत लीडरचा गुडघा मध्यावर लचकला, काठी वाहून गेली, आणि तो शेवटचे तीन हात चार पायांवर चालत दुसऱ्या खंडाला लागला.

काठावर दस्तगीर उभा होता. बाजाराच्या दिवशी लोणावळ्यात शिवणाचं यंत्र चालवायचा आणि बाकी दिवस पल्याडवाडीत शेती करायचा. त्यानं हात देऊन दत्तोबाला वर ओढलं.

"या दत्तोबा भाऊ, या. तुमचे सदरे तयार हायत. बटनं तेवढी राह्यली. कसली लावू? अमेरिकन?"

दत्तोबाला मंडळाचं कापड कोणाकडं शिवायला टाकलंय याचाही विसर पडला होता. "दस्तगीर, सदरे ऱ्हाऊ दे. माझं रोप..."

"हाय की. माझ्या मुमताजनं कालच पानी दाखवलं राबाला. गुरं शिरत होती, कुंपान केलं."

"कुनी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? रोप काय मंडळात हाय व्हय?"

दत्तोबा ओला, काकडलेला, दगडावर बसला. दस्तगीरनं त्याला स्वतःची घोंगडी दिली.

"भाऊ, एक इचारू? तुमच्या साह्यबाच्या देशात तुमाला घेतील का?"

"मला कुटं जायचंय?"

"न्हाई, तसंच. माझा मेव्हना बोटीवर खलाशी हाय, राजापूरचा. न्यूयारकात बोट लागली, तर समद्यांना जाऊ दिलं आन् ह्याला न्हाई. म्हनले, हिंदुस्थानातला मानूस आमच्या जमिनीवर ऱ्हायला उतरायचा न्हाई, चोवीस वर्सं झाली कायदा करून. तुमी आन् मी तिकडं एकाच रांगेत, भाऊ. बाहेर."

"ते... त्यांची जमीन हाय," दत्तोबा म्हणाला. त्याचं त्यालाच ते फार पटल्यासारखं वाटलं नाही.

"व्हय, त्यांचीच. त्या आधी कुनाची हुती ते मेव्हन्यानं इचारलं न्हाई. बोट सुटत हुती." दस्तगीर हसला. "आता कामाचं बोला. सावड मोडली तुमी. मोडलेल्या सावडीचा रिवाज ठावं हाय ना?"

दत्तोबाला ठाऊक नव्हता. सावडीत तो कधी उतरलाच नव्हता. रिवाज असा होता: ज्यानं मोडली त्यानं आधी दुसऱ्याच्या चिखलात उतरायचं, त्याचं लावून द्यायचं, आणि मगच आपला चिखल दाखवायचा. पैसे देऊन सुटका नाही, माणूस बदली देऊन नाही. मोडणाराच वाकला पाहिजे.

"माझा गुडघा," दत्तोबा म्हणाला.

"चिखलात गुडघा दुखत न्हाई," दस्तगीर म्हणाला. "मऊ असतंय."

दस्तगीरचं शेवटचं खाचर राहिलं होतं. सावड फुटल्यानं त्यांचीही ओढाताण झाली होती. सहा दिवसांचं काम बारा दिवस चाललं होतं. त्या खाचरात दत्तोबा उतरला आणि त्याला पहिला धक्का बसला. त्याच्या मंडळातले सहा सभासद तिथं आधीच वाकून रोप लावत होते. मेव्हण्याशी वाकडं असलेला तर मेव्हण्याच्या शेजारीच होता.

"तुमी?" दत्तोबा म्हणाला.

"तिसऱ्या दिसापासनं," एकानं मान वर न करता सांगितलं. "पहाटं येतो वढ्यातनं. तुमाला सांगून कशाला जिवाला घोर?"

म्हणजे मंडळ तीन दिवस टिकलं होतं. अमेरिकेतल्या त्या आठ लाखांच्या समितीला गाशा गुंडाळायला डिसेंबर उजाडावा लागला. जांभळवाडी पाच महिन्यांनी पुढं होती.

दोन दिवस दत्तोबा तिथं वाकला. तो मूठभर काड्या एकाच जागी खुपसायचा. दस्तगीरची बायको मुमताज मागून येऊन त्या उपटून परत लावायची. "भाऊ, ही रांग हाय का धामनीची वाट?" ती म्हणायची, आणि बायांच्या ओळीतून हसू फुटायचं. "भाऊ, त्ये भाषन करा की जरा. हात चालतात भाषनानं." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याची रांग अर्धी सरळ आली. कंबर मात्र राहायची तेवढी वाकडी राहिली.

तिसऱ्या दिवशी ओढ्याला लोंढा आला, तीन दिवस कोणालाच उतरता येईना. चौतिसाव्या दिवशी साकवाची लाकडं परत टाकली. दत्तोबानंच एका टोकाला खांदा दिला. अध्यक्षानं दिला पाहिजे असं आबांनी सुचवलं. अशा रीतीनं पस्तिसाव्या दिवशी सकाळी पल्याडची बावीस माणसं डोक्यावर रोपाच्या मुठी घेऊन खाली उतरली.

धोंडाबाईनं एक काडी घेतली, नखानं बुडाशी चिरली आणि दत्तोबापुढं धरली. हिरव्या पोकळीत तांदळाच्या कणीएवढी पांढरी गाठ होती.

"धरली?" दत्तोबानं विचारलं.

"धराय लागली. आता फुटवा येनार न्हाई जास्ती. एकेका जागी दोन काड्यांच्या ऐवजी पाच-पाच लावायच्या, म्हंजी खाचर भरंल."

"मग रोप पुरंल?"

"बघू."

माणसं ओळीनं वाकली. दत्तोबाही वाकला. पहिलं खाचर भरलं, दुसरं भरलं. दुपारी बायांनी आणलेली भाकरी-चटणी बांधावर उभ्यानं खाल्ली आणि तिसरं भरलं. दत्तोबाचं लक्ष हातातल्या काड्यांवर नव्हतं. ते बांधावर रचलेल्या मुठींवर होतं. बांधावरची हिरवी रास दर ओळीला खाली खाली चालली होती. ऊन कलायच्या सुमाराला चौथ्या खाचराच्या तोंडाशी शेवटची मूठ संपली, आणि सगळे कमरेवर हात ठेवून उभे राहिले. समोर चौथं खाचर, लोण्यासारखा चिखल आणि त्यात नुसतं आभाळ. घरातल्या सहांपैकी दीड माणसाचं वर्ष.

आबासुद्धा तंबाखू मळायचे थांबले.

दस्तगीर म्हणाला, "माझं उरलंय थोडं. शेवटच्या खाचरासाठी मागनं पेरलेलं, चोवीस दिसांचं हाय. आनू?"

दत्तोबाचा चेहरा उजळला आणि तसाच थबकला. "कंच्या भाताचं?"

"कोळंबा."

जांभळवाडीच्या खालच्या खाचरांत आंबेमोहर लागे. दत्तोबाच्या बापानं लावला, आज्यानं लावला. शिजला की चार घरं वास जायचा. कोळंबा पल्याडवाल्यांनी त्यांच्या बुडालेल्या गावाहून येताना गाठोड्यात बांधून आणला होता. चांगला भात, पण परका. शिवाय एकदा खाचरात शिरला की पुढच्या वर्षी सांडलेल्या दाण्यांतून आंबेमोहरात मिसळायचा तो मिसळायचाच. मग कितीही निवडा, एखादी लोंबी राहतेच. साहेबानं जगाच्या नाशाचं जे वर्णन केलं होतं त्यात आणि ह्यात दत्तोबाला काडीचा फरक दिसेना.

"इचार करतो," तो म्हणाला.

"करा," आबा म्हणाले. "रोपाला सांगतो थांब म्हनून."

मुमताजनं तोवर मुलांना पिटाळलं होतं. कोवळ्या, पोपटी मुठी साकवावरून येऊ लागल्या. एक मूठ धोंडाबाईनं घेतली आणि दत्तोबाच्या हातात दिली. दत्तोबा ती हातात धरून खाचराच्या कडेला उभा राहिला. मुळ्यांतून पाणी गळत होतं, पलीकडच्या तांबड्या मातीचं. तो तिच्याकडं बघत राहिला. ती कोठून आली, तिचे कागद कुठं आहेत, हे जणू तीच सांगणार होती.

"अवो, बघताय काय?" धोंडाबाई म्हणाली. "तिला इंग्रजी येत न्हाई. लावा."

दोन्ही वाड्यांची माणसं वाकून त्याच्यासाठी थांबली होती. ओळ त्याच्यावाचून सुरू होत नव्हती; मुमताज आणि मंडळाचा माजी खजिनदार यांच्यामध्ये एक जागा रिकामी होती.

"दोन-दोन काड्या का पाच-पाच?" दत्तोबानं विचारलं.

"दोन बास. ही कोवळी हाय, हिला फुटवा येतोय."

दत्तोबानं धोतर वर खोचलं, एकदा गुडघ्याला, एकदा अमेरिकेला काहीतरी पुटपुटला, आणि त्या रिकाम्या जागेत वाकला.